शिफारस नाही

माझ्या कॉलेजाबद्दल वडिलांना कधी अपराधी वाटल्याचं मला आठवत नाही. साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरी, घरात चार पोरं, आणि गावावरून सकाळी कराडला जाणारी एकच एसटी. ती जिथं सोडायची तिथून चालत जाता येईल असं कॉलेज म्हणजे गाडगे महाराज कॉलेज, आणि परतीची गाडी चुकणार नाही अशा बेतानं सुटणारी शाखा म्हणजे कॉमर्स. माझं करिअर राज्य परिवहन महामंडळाच्या वेळापत्रकानं ठरवलं. तुला काय व्हायचंय, असं घरात कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मीच गांगरले असते. वडिलांनी सवलतीचा पास काढून दिला, वर 'वह्या जपून वापर' असं बजावलं आणि पोरीला कॉलेजात घातलं म्हणून भावकीत मान ताठ ठेवून वावरले. आजही ते माझ्या बँकेतल्या नोकरीचं श्रेय स्वतःकडे घेतात, आणि ते बरोबरच आहे.

तेव्हा पैसे कमी होते, पण टोचणी नव्हती. फी ही तर फारशी अडचणच नव्हती. यशवंतराव चव्हाणांच्या काळात सुरू झालेली ईबीसीची सवलत होती. अर्ज भरला, दाखला जोडला की फी माफ. घोडं अडायचं ते प्रवासखर्चावर, पुस्तकांवर आणि शेतातले दोन हात कमी होण्यावर. डॉक्टर-इंजिनिअर व्हायचं तर मोजकी सरकारी कॉलेजं. नंबर लागला तर लागला, नाहीतर पोराचे मार्क कमी. बाप मोकळा. पैसेवाले कर्नाटकात जाऊन देणगी भरायचे, पण ते आपल्यातले नव्हते, त्यामुळे त्यांच्याशी बरोबरीचा प्रश्नच नव्हता.

मग १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. या निर्णयाचं भलंबुरं पुष्कळ लिहून झालंय. खेड्यापाड्यांतली हजारो पोरं त्यामुळं इंजिनिअर झाली हे खरं, आणि शिक्षणसम्राट नावाची जमात जन्माला आली हेही खरं. पण एका गोष्टीची नोंद कुणी घेतलेली दिसत नाही. महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय आई-बापांची टोचणीही तिथूनच सुरू झाली. त्याआधी प्रवेशात पोरगं नापास व्हायचं, त्यानंतर बाप नापास व्हायला लागला. १९८७ मध्ये कॅपिटेशन फी घेण्यावर बंदी घालणारा कायदा आला. पुढं टेबलाखालची देणगी ओशाळली आणि तिची जागा टेबलावरच्या फीनं घेतली, छापील पावतीसह. पावती मिळाल्यामुळं तर बापाला तक्रार करायलाही जागा उरली नाही.

तेव्हापासून घरोघरी अपराधीपणाची एक वाटणी ठरून गेली आहे. मार्क कमी पडले तर अपराधी मूल. पैसे कमी पडले तर आई-बाप. पहिल्या प्रकारात आपल्याला भाषण देता येतं, दुसऱ्यात ऐकून घ्यावं लागतं. आणि मूल भाषण देणारं नसेल तर आणखी पंचाईत.

माझी लेक भाषण देणारी नाही. ती चित्रं काढणारी आहे.

बारावीनंतर तिला डिझाइन शिकायचं होतं, आणि ते पुण्याजवळच्या एका खासगी संस्थेतच. संस्थेचं नाव लिहीत नाही, त्यांचा काही दोष नाही. त्यांनी फी लपवली नव्हती, आम्हीच ती वाचताना डोळे बारीक केले होते. तिथं गेलो तेव्हा आम्हाला एसी खोलीत बसवून कॉफी दिली. समुपदेशक मुलगी माझ्या लेकीपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठी असेल. मला ती दर वाक्याला 'मॅम' म्हणत होती. एवढ्या प्रेमानं मला बँकेतले थकबाकीदारसुद्धा बोलावत नाहीत. माहितीपुस्तिका इतक्या जाड, गुळगुळीत कागदाची की ती आपोआप मिटायची. मुखपृष्ठावर हिरवळीवर लॅपटॉप घेऊन हसत बसलेली एक मुलगी. आम्ही गेलो त्या दिवशी हिरवळीवर 'बसू नये' अशी पाटी होती.

फीचा तक्ता शेवटून दुसऱ्या पानावर. शिक्षण शुल्क, विकास शुल्क, स्टुडिओ आणि साहित्य शुल्क, औद्योगिक भेटींचं शुल्क, परत मिळणारी अनामत रक्कम. सगळं मिळून वर्षाला पाच लाख. आकड्याच्या डोक्यावर एक छोटी चांदणी. तक्त्यावरच्या चांदण्या वाचायच्याच असतात हे मला नोकरीनं शिकवलंय, त्यामुळं मी पानाच्या तळाशी गेले. तिथं मुंगीच्या अक्षरात लिहिलं होतं की फी दर वर्षी वाढू शकते. लेक तोवर भिंतीवरचे मुलांचे प्रकल्प बघत होती. एका खुर्चीसमोर ती इतका वेळ उभी राहिली की मला वाटलं, हिला ती खुर्ची हवीय. खुर्ची परवडली असती.

आता माझी नोकरी. मी साताऱ्यातल्या एका सहकारी बँकेत कर्जविभागात आहे. दुसऱ्यांच्या लेकरांची शैक्षणिक कर्जं माझ्या टेबलावरून जातात. बोनाफाइड, फीचं कोटेशन, उत्पन्नाचा दाखला, जामीनदार, तारण हे माझे रोजचे शब्द. साधारण सगळीकडे चालतं ते असं: चार लाखांपर्यंत पदरची रक्कम घालावी लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत तारण मागत नाहीत, त्यापुढं घर किंवा जमीन किंवा ठेव दाखवा. शिक्षण संपेपर्यंत आणि वर एक वर्ष हप्ता नाही. हे शेवटचं वाक्य ऐकलं की समोरच्या बापाचा चेहरा खुलतो. त्या काळात व्याज मात्र चढत असतं, हे सांगितलं की मिटतो. हे दोन्ही चेहरे मी इतक्यांदा पाहिलेत की वाक्यांचा क्रम बदलून बघावा असं अधूनमधून मनात येतं.

पुण्याहून आल्यावर दुसऱ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, मी एक कोरा अर्ज घेतला आणि स्वतःचंच कर्जप्रकरण तयार केलं. अर्जदार: लेक. सहअर्जदार: मी आणि तिचे बाबा. चार वर्षांची फी वीस लाख, चांदणी बाजूला ठेवून. वसतिगृह, खाणावळ, लॅपटॉप आपण खिशातून भागवू असं धरलं. माझ्यासमोर एखाद्या गिऱ्हाईकानं असं धरलं असतं तर मी पेन खाली ठेवलं असतं. दर वर्षाच्या सुरुवातीला पाच लाख उचलायचे, दहा टक्के दरानं. शिकताना आणि पुढच्या वर्षभरात चढणारं साधं व्याजच सात लाख. म्हणजे हप्ता सुरू होईल तेव्हा डोक्यावर सत्तावीस लाख. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला साडेपस्तीस हजारांच्या वर. शेजारी आमच्या घराच्या कर्जाचा हप्ता, जो अजून सुरूच आहे. तिच्या बाबांचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप, ज्याचं उत्पन्न पावसाळ्यात आकाशाकडे बघतं. आणि तारण? घर आधीच गहाण, तेही आमच्याच बँकेकडं, म्हणजे कपाट उघडलं तर आमच्याच घराचे कागद माझ्याकडं बघणार.

परतफेडीच्या क्षमतेचा रकाना भरला. शेवटी अधिकाऱ्याचा शेरा असतो. सवयीनं हात चालला: 'शिफारस नाही.' खाली सही केली, तारीखसुद्धा टाकली. मग भान आलं आणि डबा उघडला. भेंडी होती.

सरकारदरबारी काही मिळतंय का तेही पाहिलं. त्याच जुलैत, २०२४ मध्ये, राज्य सरकारनं व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि मागास गटांतल्या मुलींची फी पूर्ण माफ केली होती. निर्णय चांगलाच. माझ्या टेबलावर त्या वर्षी दोन-तीन कर्जप्रकरणं त्यामुळं मागं घेतली गेली आणि मला मनापासून आनंद झाला, बँकेला झाला नसेल. पण त्याला कौटुंबिक उत्पन्नाची आठ लाखांची मर्यादा. आम्ही दोघं मिळून आठ लाखांच्या जरा वर. जरा म्हणजे किती, तर फ्रिज येईल इतकं. शिवाय प्रवेश सरकारी केंद्रीभूत फेरीतून हवा, जो तिथं नव्हताच. शासनाच्या लेखी आम्ही सधन, संस्थेच्या लेखी होतकरू. या दोन टोकांच्या मधे महाराष्ट्रातली बरीच जनता आपापल्या फ्रिजसह उभी आहे.

लेकीला सांगायचं काम तिच्या बाबांनी माझ्यावर ढकललं, 'तुझा विषय आहे' म्हणून. मी आकडे काढून बसले होते. तिनं कागदाकडं पाहिलं, म्हणाली, "असू दे ना आई," आणि भाजी चिरायला घेतली. बस, एवढंच. आदळआपट नाही, दार बंद करणं नाही. त्या 'असू दे'नं माझं जे झालं ते भांडणानं झालं नसतं. भांडली असती तर 'आमच्या वेळी आम्हाला' हे माझं राखीव भाषण तरी वापरता आलं असतं. ते तसंच राहिलंय, अजून कोरं आहे.

मधे एक गंमत झाली. तिनं मुंबईच्या जे. जे. साठीही प्रयत्न केला होता. १८५७ साली सुरू झालेली संस्था. तिथली देणगी जमशेटजी जीजीभाईंनी आधीच भरून ठेवलीय, त्यामुळं आई-बापांना भरावी लागत नाही. पण तिथं तिचा नंबर थोडक्यात हुकला. ती खूप रडली, आणि मी तिची समजूत काढता काढता, आत कुठंतरी, चक्क हलकी झाले. आमची बाजू पैशात पडली होती, तिची मार्कांत. खातं जुळल्यासारखं वाटलं. आईनं असं वाटून घेऊ नये हे मलाही कळतं. पण पुस्तकं वाचून आईचं मन घडत नाही, आणि हिशेबाची सवय कुठं कामाला येईल सांगता येत नाही. शेवटी तिला कोल्हापुरात उपयोजित कलेला प्रवेश मिळाला, सरकारी फेरीतून, झेपेल अशा फीत.

मग सांत्वन करणारे आले. आपल्याकडे मूल मनासारख्या कॉलेजात गेलं नाही की नातेवाइकांना कॉलेजात न गेलेली थोर माणसं आठवतात. "सचिन कुठं कॉलेजात गेला?" हे पहिलं. मग धीरूभाई. आमच्या चुलतसासऱ्यांनी तर कोल्हापूरचं निघालंच आहे म्हणून बाबूराव पेंटरांना आणलं. कुठल्याही शाळेत चित्रकला न शिकता पडदे रंगवले, स्वतः कॅमेरा तयार केला, १९२० मध्ये 'सैरंध्री' काढला. सगळं खरं. पण असंच कॉलेजात न गेलेले आणि बाबूराव पेंटर न झालेले बाकीचे कुठं आहेत, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. चुलतसासरे स्वतः नववीपर्यंत शिकलेत, म्हणून गिळलं.

सगळ्यात जास्त छळलं ते मात्र लक्ष्मीबाई पाटलांनी. मी शिकले रयतच्या शाळेत. तिथं दर वर्षी २२ सप्टेंबरला कर्मवीर जयंती, आणि जयंतीला एक भाषण ठरलेलं: साताऱ्याच्या बोर्डिंगात पोरांच्या जेवणाला पैसे उरले नाहीत, तेव्हा कर्मवीर भाऊरावांच्या पत्नीनं दागिने मोडले, अगदी मंगळसूत्रसुद्धा. आठवीत ते भाषण मीच केलं होतं. मंगळसूत्राच्या वाक्याला गळ्याला हात लावायचा, असं बाईंनी बसवून घेतलं होतं. तेव्हा गळा मोकळा होता, हात लावणं सोपं होतं. आता गळ्यात ते आहे, आणि एका रात्री मी आमच्याच सोनेतारण विभागाच्या दरानं त्याची किंमत काढली. वाट्या आणि मणी धरून पहिल्या वर्षाचा स्टुडिओ आणि साहित्य शुल्काचा रकाना जेमतेम भरला असता. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "त्यांनी परक्या पोरांना भाकरी घातली. तू घरच्या पोरीला एसी घालणार होतीस." वर्कशॉपवाल्या माणसाला वेल्डिंग कुठं करायचं ते बरोबर कळतं. मी गप्प बसले. पण मनातल्या लक्ष्मीबाई काही गप्प बसल्या नाहीत.

मग टोचणीनं घरखर्चाच्या वहीत जागा केली. 'इतर' या रकान्यात. लेक दर शनिवारी-रविवारी यायची, आणि मी तिच्यासाठी काही ना काही आणून ठेवायची. जलरंगांचा परदेशी डबा. सेबल केसांचा गोल ब्रश, ज्याच्या किमतीत आमच्याकडं आठवड्याचा किराणा येतो. ती हसून म्हणायची, "आई, मला कॅमलचे पुरतात. सर म्हणतात, पहिली दोन वर्षं महाग कागदाला हात लावायचा नाही, नाहीतर चुकायची भीती बसते." दांडेकरांनी १९३१ साली सुरू केलेल्या त्या कंपनीवर अख्ख्या महाराष्ट्राची चित्रकला पोसली गेली, हे मलाही माहीत आहे, आमच्या शाळेतल्या कंपासपेटीपासून माहीत आहे. तरी मी तो परदेशी डबा परत केला नाही. तो तिच्या कपाटात सीलबंद आहे. पाहुणे आले की मी कपाट उघडून दाखवते.

सुट्टीच्या दिवशी माशाचा मधला तुकडा तिला, घडीच्या पोळ्यांतली वरची मऊ पोळी तिला. धाकट्या भावानं एकदा विचारलंच, "मला पण एखाद्या कॉलेजात पाठवू नका ना, मग मलाही मधला तुकडा मिळेल."

आणि इन्स्टाग्राम. त्या संस्थेच्या पानाला मी लेकीच्या प्रवेशाच्या वेळी फॉलो केलं होतं, ते चालूच राहिलं. रात्री झोपण्याआधी त्यांच्या मुलांची प्रदर्शनं, काचेच्या इमारती, कुठल्याशा परदेशी प्राध्यापकाबरोबरचे फोटो मी एकेक करून बघायची. त्या फोटोतल्या मुलांत लेकीला बसवून पाहायची. ती कुठंच बसायची नाही, कारण तिथल्या कुणाच्याच कपड्यांवर रंगाचे डाग नव्हते. गेल्या उन्हाळ्यात तिनं मागून येऊन ते पाहिलं. मला वाटलं, आता हिच्या डोळ्यांत पाणी येणार. तिनं मोबाइल हातात घेतला, त्यांच्या वार्षिक प्रदर्शनाचं पोस्टर मोठं केलं आणि म्हणाली, "ई! 'क्ष' आणि 'णा' मधली जागा बघ. दात पडल्यासारखं दिसतंय." मग तिनं मला पाऊण तास देवनागरी अक्षरांमधल्या अंतराबद्दल सांगितलं. बोरूचा कोन, जाडबारीक, वेलांटीचा तोल. त्यांच्या कॉलेजात अजूनही पहिल्या वर्षी बोरू तासायला शिकवतात. बोटांना तिच्या कायम शाई असते. वाईला मेणवलीच्या घाटावर सगळा वर्ग स्केचिंगला गेला होता त्याची वही तिनं दाखवली. दगडी पायऱ्या, नाना फडणविसांच्या वाड्याची भिंत, आणि एका पानावर एसटीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडणारा कंडक्टर. कंडक्टर एकदम फर्स्ट क्लास होता. त्या संस्थेबद्दल एक शब्द नाही. मी मुद्दाम विषय काढला, "तिथं गेली असतीस तर..." तर म्हणाली, "कुठं?"

नाटक करत असेल का? आई म्हणून ही शंका मला घ्यावीच लागते. पण मला वाटतं, नव्हती करत. तिच्या लेखी ती खुर्ची कधीच विकली गेली होती, आणि मी अजून तिच्या किमतीचा चेक हातात धरून दुकानाबाहेर उभी होते. या टोचणीत माझा थोडा तोराही होता, हेही त्या रात्री लक्षात आलं. पोरीचं भलं आपल्या चेकनंच व्हायचं होतं आणि आपण तो फाडला नाही म्हणून ते अडलं, असं मानण्यात आपलं महत्त्व किती वाढतं! वजनकाट्यावरच्या माणसाला हा भ्रम नव्हता. तो पास काढून द्यायचा आणि कामावर जायचा.

हे सगळं कळलं म्हणून टोचणी गेली असं मात्र झालं नाही. मार्च अखेरच्या गडबडीत लेकीचा फोन आला. वर्गाची अजिंठ्याला सहल, तीन हजार पाठव. मी पाच पाठवले. मिनिटभरात दोन हजार परत आले, शेऱ्यात एकच शब्द: 'जादा'. बँकेतल्या बाईच्या पोरीला शेरा मारायला शिकवावं लागत नाही. मी ते दोन हजार वहीत परत जमा म्हणून लिहून घेतले. सेबलचा पुढच्या नंबरचा ब्रश बरोबर तेवढ्यातच बसतो, असं दुकानदार म्हणाला. शनिवारी येतोय.